साथ लांबवायची की तोडायची?

मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे. पुढची साथ आली तर उद्दिष्ट काय ठेवायचं? रुग्ण एकदम न येता हळूहळू येतील, दवाखान्यांना झेपतील, एवढं साधलं तरी पुरे का? की शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत तिच्या मागे लागायचं? पहिलं व्यवहार्य वाटतं आणि दुसरं हट्टाचं, असंही त्यांनी लिहिलंय.

साथरोगाच्या कामात माझी बरीच वर्षं याच भागात गेली. माझ्या मते तुम्हाला जे व्यवहार्य वाटतंय ते हिशेबाला बसत नाही. आधी हिशेबच करू.

25 लाख वस्तीचा जिल्हा घ्या. बीड किंवा लातूर साधारण तेवढेच. नवा विषाणू आलाय, कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नाही, आणि एक रुग्ण सरासरी अडीच जणांना रोग देतो. या आकड्याला आम्ही नुसतं ‘आर’ म्हणतो. आर 2.5 असेल तर साथ आपोआप ओसरायला किमान 60 टक्के लोकांना लागण व्हावी लागते. मोकाट सोडली तर ती तिथं थांबतही नाही, वेगाच्या भरात 89 टक्क्यांपर्यंत जाते. आपण कमीत कमी धरू. 60 टक्के म्हणजे 15 लाख लोक. त्यातल्या शंभरात एकाला आयसीयूची खाट लागली तर 15 हजार रुग्ण. एकेकाचा मुक्काम 10 दिवस धरला तर दीड लाख खाट-दिवस झाले. जिल्ह्यात सरकारी-खासगी मिळून अशा 200 खाटा आहेत असं उदारपणे मानलं, तरी 750 दिवस लागतात. दोन वर्षांहून जास्त. तेही एकही खाट एकही दिवस रिकामी न राहता, आणि त्या दोन वर्षांत हृदयविकाराचा, सर्पदंशाचा, फवारणीच्या विषबाधेचा एकही रुग्ण आत न घेता. खरिपाच्या दिवसांत आपल्याकडे आयसीयूत कोण पडलेलं असतं हे तुम्ही महिनाभरात पाहालच.

म्हणजे ‘झेपेल इतक्या वेगानं’ साथ जाऊ द्यायची तर तिला दोन वर्षं दाबून धरावं लागणार, आणि तेवढ्या काळात आर सतत एकच्या आसपास ठेवावा लागणार. आता पुढचा हिशेब बघा. माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

समजा आज 100 रुग्ण आहेत आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला रोगाला 5 दिवस लागतात. 60 दिवसांत 12 पिढ्या होतात. आर 1.1 ठेवला तर बाराव्या पिढीत 314 रुग्ण असतील. 0.9 ठेवला तर 28. आणि 0.7 ठेवला तर एखादाच. यासाठी किती कष्ट पडतात? 2.5 वरून 1.1 वर यायचं तर रोग पुढे जाण्याच्या शंभर संधींपैकी 56 बंद कराव्या लागतात. 0.9 साठी 64. फरक फक्त आठचा. 56 बंद करताना बाजार बसत नाही, लग्नं पुढे ढकलली जातात, शाळा बंद राहतात, मजुरी बुडते. तेवढं सगळं सोसून झाल्यावर उरलेल्या आठांसाठी हात आखडणं म्हणजे विहिरीला पाणी लागायच्या दोन हात आधी खोदकाम थांबवणं. खर्च झालेलाच असतो, पाणी मात्र लागत नाही.

म्हणून लांबवणं हा तोडण्याचा स्वस्त पर्याय आहे, ही समजूत आधी काढून टाका. लोकांवरचा भार दोन्हींत जवळपास सारखाच पडतो. एका वाटेनं तो काही आठवड्यांत उतरतो, दुसरीनं कधी उतरेल ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय 1.1 वर साथ स्थिर ठेवू शकेल असा जिल्हाधिकारी अजून जन्माला यायचाय. आज हातात येणारा पॉझिटिव्हचा आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीच्या लागणीचा असतो. सण येतो, लग्नसराई येते, आर 1.4 वर गेलेला असतो, आणि तुम्हाला ते कळेपर्यंत वॉर्ड भरलेला असतो. 0.7 चं उद्दिष्ट ठेवून चुकून 0.9 वर राहिलात तरी साथ उतरतीलाच लागलेली असते. चुकीला जागा ठेवणारं उद्दिष्ट तेच.

हे मात्र प्रत्येक रोगाला लागू नाही. तोडता येण्याजोगी साथ कोणती आणि न येण्याजोगी कोणती, हे रोगाच्या स्वभावावर ठरतं. मी मुख्यतः दोन गोष्टी बघतो. पहिली, माणूस आजारी दिसायच्या आधीच रोग वाटत फिरतो का? दुसरी, माणसाबाहेर रोगाचं घर आहे का, म्हणजे उंदीर, डास, वटवाघूळ असं काही?

देवीच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. पुरळ दिसल्याशिवाय देवीचा रुग्ण फारसा रोग देत नसे, आणि पुरळ लपत नाही. तरीही नुसत्या सरसकट लसीकरणानं देवी हटली नाही. 1974 साली भारतात पावणेदोन लाखांहून जास्त रुग्ण झाले. मग रुग्ण शोधा, त्याच्याभोवतीच्या माणसांना लगेच लस द्या, ही पद्धत नेटानं राबवली, आणि मे 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्या मोहिमेतली एक गोष्ट मला फार पटते. रुग्ण कमी होत गेले तसं रुग्ण कळवणाऱ्याचं बक्षीस वाढवत नेलं, शेवटी ते हजार रुपयांवर गेलं. आपल्याकडे उलटं होतं. रुग्ण कमी झाले की गाडीचं डिझेल बंद होतं.

2003 चा सार्स विषाणू कोविडचाच भाऊबंद. तो पसरण्यात कमी नव्हता, पण त्याचा रुग्ण आजारी पडून चार-सहा दिवस झाल्यावर जास्त रोग देत असे. तेवढ्यात त्याला वेगळं ठेवता आलं. जगभरात सुमारे 8 हजार रुग्ण आणि 774 मृत्यूंवर ती साथ जुलै 2003 पर्यंत संपली. लस नव्हती, खास औषधही नव्हतं.

आपल्या भागातलं उदाहरण हवं तर नारूचं घ्या. वयस्क माणसांना विचारा, पायातून दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत काढलेला त्यांनी पाहिलेला असतो. नारूवर लस नाही, औषध नाही. रोगी पायऱ्यांच्या बारवेत पाय बुडवून पाणी भरायचा, जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यात वाढायची आणि तेच पाणी प्यायलेल्याला वर्षभरानं नारू व्हायचा. पाणी कापडातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप देणं, पाण्यात ते किडे मारणारं टेमिफॉस टाकणं आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारू ‘आटोक्यात’ ठेवायचा असं ठरवलं असतं तर आजही गाळणीची कापडं वाटत बसलो असतो.

गॅस्ट्रोत तुमचा प्रश्न येतच नाही. पहिल्या पावसात एका गल्लीतल्या लोकांना जुलाब सुरू झाले की पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, गळती, विहिरीच्या कडेचा उकिरडा बघायचा, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करायची, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि तो उगम बंद होईपर्यंत टँकरनं पाणी द्यायचं. गॅस्ट्रो हळूहळू होऊ द्या असं कुणी म्हणत नाही.

प्लेगचं तसं नाही, त्याला उंदराचं घर आहे. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप दिसला. त्याआधी उंदीर मरून पडत होते, पिसवांचा त्रास वाढला होता. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लोक घराबाहेर राहत होते आणि घरातलं धान्य उंदरांना मोकळं मिळालं, अशी मीमांसा तेव्हा झाली. इथं कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी पिसवांवर पावडर मारायची, उंदीर नंतर. उंदीर आधी मारले तर उपाशी पिसवा माणसांवर येतात. उंदीर मरून पडताहेत असं कुणी सांगत आलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. महिन्याभरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग उठला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आणि रुग्णांचा माग यांवर तो काही आठवड्यांत आवरला. प्लेग देशातून नाहीसा झालेला नाही, होणारही नाही कदाचित, कारण रानातल्या उंदरांत तो राहू शकतो. पण प्रत्येक वेळी तो माणसांत पसरण्याआधी तोडता येतो. केरळात निपाहचं असंच चालतं. वटवाघळांतून तो पुन्हा पुन्हा येतो, 2018 मध्ये आला, नंतरही आला, आणि दर वेळी मोजक्या रुग्णांवर थांबवला गेला. उद्रेक तोडणं वेगळं आणि रोग कायमचा संपवणं वेगळं. दुसरं जमणार नाही म्हणून पहिलं सोडायचं नसतं.

आता जिथं तोडता येत नाही तिकडे येऊ. चिकुनगुनियानं 2006 मध्ये मराठवाड्यातली गावंच्या गावं खाटेवर घातली. एडिस डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. जिथं नळाला आठवड्यानं नाहीतर पंधरा दिवसांनी पाणी येतं, तिथं रांजण आणि ड्रम रिकामे करा म्हणणं सोपं आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, आणि अंडी कोरड्या रांजणाच्या कडेला महिनोन् महिने तग धरतात. तिथं आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळून, अळ्या मारणारं अॅबेट टाकून, ड्रमला फडकं बांधून साथ कमी करायची, एवढंच हातात असतं. धूरफवारणी फोटोसाठी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. ती उडते डास थोडे मारते, अळ्यांना तिचा पत्ताही लागत नाही. फ्लूचंही तेच. 2009 मध्ये स्वाइन फ्लू विमानतळावरच अडवायचा प्रयत्न झाला. काही महिन्यांत धोरण बदलून टॅमिफ्लू हे औषध आणि गंभीर रुग्णांवर लक्ष द्यावं लागलं, आणि ते बरोबरच होतं.

कोविड या दोन टोकांच्या मध्ये बसतो, म्हणून एवढा वाद झाला. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग देतो. त्यामुळे सार्ससारखा तो सहज हाती लागत नाही. तरी 2020 मध्ये न्यूझीलंड, तैवान, व्हिएतनाम यांनी तो तोडून दाखवला. ते छोटे देश, बेटं, असं म्हटलं जातं. व्हिएतनाम बेटही नाही आणि छोटाही नाही. त्यांचा माग काढण्याचा वेग आपल्याहून जास्त होता.

वेगाचं गणित असं. समजा रुग्णाला सोमवारी ताप आला. तो रोग देतोय शनिवारपासून. बुधवारी दवाखान्यात आला, स्वॅब जिल्ह्याबाहेर गेला, रिपोर्ट शनिवारी आला, यादी रविवारी झाली, आशाताई संपर्कातल्या माणसाच्या दारात सोमवारी पोचली. आधीच्या शनिवारी ज्याला लागण झाली तो एव्हाना चार-पाच दिवस इतरांना रोग वाटतोय. आपण सुरुवातीला अशाच तारखांवर काम करत होतो आणि वर म्हणत होतो की ट्रेसिंगचा उपयोग होत नाही. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. संशयित आला त्याच दिवशी घरच्यांना आणि जवळच्यांना थांबवायचं, रिपोर्ट निगेटिव्ह आला की सोडायचं.

दुसरं, माग पुढचा काढतात तसा मागचाही काढा. कोविडमध्ये बहुतेक रुग्ण कुणालाच रोग देत नाहीत आणि थोडे जण पुष्कळांना देतात. तेव्हा ‘तुम्ही कुणाला भेटलात’ यापेक्षा ‘तुम्हाला हे कुठं लागलं असेल’ हा प्रश्न जास्त माणसं सापडवून देतो. त्यातून एखादा साखरपुडा, एखादा तेराव्याचा कार्यक्रम, एखादं खाजगी कोचिंग निघतं आणि एका फेरीत वीस जण हाती लागतात.

तिसरी गोष्ट मजुरीची. चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहा असं सांगताना घरात पीठ आहे का, दूध कोण काढणार, लेकरं कुणापाशी, हे विचारलं नाही तर माणूस ताप लपवतो. बायका तर हमखास लपवतात, त्यांच्यावाचून चूल बंद पडते. गल्लीला पत्रे ठोकल्यानं रोग थांबला असं मी कुठंच पाहिलं नाही. पत्र्यामागचे लोक मागच्या बोळातून ये-जा करत होते आणि वर त्यांच्या दारावरून चालणंही लोकांनी सोडलं होतं. मे 2021 मध्ये जास्त रुग्णांच्या 18 जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करून रुग्णांना केंद्रांत ठेवायचं ठरलं. ते तत्त्वतः योग्य होतं. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असताना कसलं विलगीकरण? पण ते लाट येण्याआधी हवं होतं, आणि केंद्रात जेवण वेळेवर मिळायला हवं होतं. जिथं गावकऱ्यांनी जेवणाची सोय हातात घेतली तिथं लोक आपणहून आले.

टाळेबंदी म्हणजेच तोडणं, असा एक समज आहे. तो मोडायला हवा. मार्च 2020 च्या शेवटी देश बंद झाला तेव्हा मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. बंद करून मिळालेला वेळ प्रयोगशाळा, खाटा आणि माग काढणारी माणसं उभी करण्यासाठी असतो. त्याची किंमत मजुरांनी मोजली. 8 मे 2020 ला जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळावर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. एवढी किंमत मोजून घेतलेला वेळ कशावर खर्च झाला, हे जिल्ह्याजिल्ह्यात विचारलं जायला हवं होतं. विचारलं गेलं नाही. वर्षभरानं दुसऱ्या लाटेत याच भागात एका रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात न्यावे लागले.

बाहेरून आणलेल्या साथीत आपल्या भागाची एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकात नसते. ऊसतोड. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. 2020 मध्ये टोळ्या कारखान्यांवर अडकल्या आणि एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर लाखो माणसं थोड्या दिवसांत बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांकडे निघाली. गावांनी वेशीवर काटे टाकले. मला हे चित्र उलटं वापरता येण्यासारखं वाटतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे टोळीतल्या प्रत्येक जोडीचं नाव, गाव, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम लिहिलेली असते. इतकी चोख यादी आरोग्य खात्याकडेही नसते. पुढच्या वेळी कारखान्यावरच तपासणी, मुकादमाच्या वहीवरून गाववार यादी, आणि टोळी निघायच्या आधी ती यादी गावच्या उपकेंद्राच्या सिस्टरच्या हातात. पोलीस चौकीपेक्षा हे स्वस्त पडेल. त्याच वहीवरून गोवराच्या लसीला मुकलेली लेकरंही सापडतील, जी एरवी दोन्हीकडच्या नोंदींतून सुटतात.

कोविड शेवटी तोडण्याच्या पलीकडे गेला हेही खरं. डिसेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा कंटेनमेंट झोन आखण्यात अर्थ उरला नव्हता. पण तोवर लस आलेली होती. तोडून धरणं वाया जात नाही ते अशा वेळी. न्यूझीलंडनं मिळालेल्या वेळात लोकांना लस दिली आणि मग दारं उघडली. चीननं जवळपास तीन वर्षं साथ दाबून धरली, पण वृद्धांचं लसीकरण पुरतं केलं नाही आणि डिसेंबर 2022 मध्ये एकदम सगळं सोडलं. काही आठवड्यांत तिथले दवाखाने भरले. लांबवण्यालाही तसाच मुद्दामहून हेतू लागतो. लस चार महिन्यांत येतेय, ऑक्सिजन प्लांट सहा आठवड्यांत सुरू होतोय, तोवर धरा, असं सांगता आलं तर लांबवा. ‘बघू पुढे’ म्हणून लांबवणं लोक दुसऱ्या महिन्यात सोडून देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

तेव्हा तुमच्या केंद्रापुरतं सांगायचं तर, अनोळखी किंवा नव्या रोगाचा पहिला रुग्ण आला की तो तोडता येण्याजोगा आहे असंच धरून कामाला लागा. नाही असं ठरवायला पुरावा लागतो, आणि तो मिळेपर्यंतचे दोन आठवडेच सगळ्यात मोलाचे असतात. रोजचा एकूण आकडा वरिष्ठांना हवा असतो, तो द्या. स्वतःसाठी मात्र दुसरा आकडा लिहून ठेवा: आजच्या नव्या रुग्णांपैकी किती जण आधीच आपल्या संपर्क-यादीत होते? दहापैकी आठ असतील तर साथ तुमच्या हातात आहे. दहापैकी दोन असतील तर रुग्ण कमी दिसत असले तरी साथ तुमच्या पुढे धावतेय, आणि त्या दिवशी तालुक्याला फोन करून जादा माणसं मागा. साथ संपल्याचं शेवटच्या रुग्णाच्या दिवशी लिहू नका. रोगाच्या जास्तीत जास्त अधिशयन काळाच्या, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या, दुप्पट दिवस नवा रुग्ण नाही, असं झाल्यावर लिहा. निपाहला ते 42 दिवस आहेत. त्या 42 दिवसांत आशाताईंचं सर्वेक्षण चालू राहील एवढा भत्ता आधीच मंजूर करून घ्या.